डाव्या गालाची रायफल

नेमबाजांनी आयुष्यात नेम धरून कधीही काही पाडलं नव्हतं, आणि ही गोष्ट जगात दोघांनाच ठाऊक होती. एक ते स्वतः आणि दुसरी त्यांची बायको. बाकीच्यांना ठाऊक होतं ते निराळंच होतं, आणि तेच गेली कित्येक वर्षं सुखाने नांदत होतं.

लोकांना ठाऊक असलेली हकीगत अशी. रायफल क्लबच्या छपरावर वारा दाखवणारा पत्र्याचा एक कोंबडा होता. वाऱ्याची झुळूक आली की तो असा काही करकरायचा की ऐकणाऱ्याचे दात शिवशिवावेत. शिडी तिथवर पोहोचत नव्हती आणि तेल घालायला वर चढायची कुणाची छाती नव्हती. एका दुपारी नेमबाजांनी खाली ओढायची लिव्हर असलेल्या जुन्या रायफलीतून एकच गोळी झाडली आणि कोंबडा ज्या खांबावर फिरायचा त्याच्या बोटभर सांध्यात ती अचूक बसवली. कोंबडा जागच्या जागी अडकला तो अडकलाच. तेव्हापासून क्लबात वारा एकाच दिशेने वाहतो, असं सभासद येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगत.

खरी हकीगत एवढी ऐटदार नव्हती. नेमबाजांचं घर क्लबच्या मागेच होतं आणि स्वयंपाकघराची खिडकी नेमकी त्या छपराकडे उघडत होती. मुलगी तान्ही होती, दात येत होते, आणि कोंबडा काही तिला झोपू देत नव्हता. बायकोने दोन दिवस सोसलं, मग कपाटातून नवऱ्याची रायफल काढली, खिडकीच्या कट्ट्यावर कोपर टेकलं आणि प्रश्न निकालात काढला. तिच्या माहेरी वडील जंगलराखे होते. लेकीला त्यांनी भाकरीआधी बंदूक शिकवली, असं सासूबाई नाक मुरडून म्हणत. आवाज ऐकून नेमबाज आत धावले, तिच्या हातातली रायफल काढून घेतली आणि तिच्यावर बालंट येऊ नये म्हणून ती हातात घेऊनच क्लबात गुन्हा कबूल करायला गेले. हे मात्र त्यांनी खरोखर मर्दासारखं केलं होतं. पण तिथे रागावण्याऐवजी अध्यक्षांनी त्यांना मिठी मारली, सभासदांनी खांद्यावर घेतलं, आणि खाली उतरेपर्यंत त्यांचं नाव नेमबाज पडलं होतं. गुन्हा अंगावर घेणं सोपं होतं. गौरव अंगावरून उतरवणं त्यांना जमलं नाही.

आधी ते नुसतं हसत. मग ‘छे छे’ म्हणत. मग ‘वाऱ्याचा अंदाज घ्यावा लागतो’ म्हणू लागले. आणि आता निवृत्त झाल्यापासून जेवण उरकलं की क्लबात जाऊन तीच हकीगत नव्या सभासदांना सांगणं हा त्यांचा नेम होऊन बसला होता. बायकोने यावर कधी चकार शब्द काढला नाही. ती गप्प राहते म्हणजे तिला चालतंय, असा सोयीचा अर्थ त्यांनी लावून टाकला होता.

तर या सुरळीत संसारात क्लबच्या चिटणिसांनी काडी टाकली. क्लबच्या दिवाणखान्यात काचेची पेटी करायची, तीत ती ऐतिहासिक रायफल ठेवायची आणि खाली पितळी पाटीवर नेमबाजांचं नाव कोरायचं, असा ठराव त्यांनी मंजूर करून घेतला. नेमबाजांचे पाय दोन दिवस जमिनीवर टेकत नव्हते. अट एवढीच होती की आधी जाणकाराकडून रायफलीची पारख करून घ्यायची आणि पेटीत ठेवताना तिची पिन काढून टाकायची, म्हणजे ती पुन्हा कधी उडायला नको. जेवताना ही बातमी सांगितली तेव्हा बायकोने आमटीचा डाव भांड्यात तसाच सोडला आणि हात धुवायला उठली. नेमबाजांना वाटलं, तिला भरून आलं असावं.

पारख करणाऱ्या बाईंचं दुकान बाजारामागच्या गल्लीत होतं. लोक त्यांना भिंगवाली म्हणत, कारण डोळ्याला लावायचं भिंग त्या जेवतानाही कपाळावरून काढत नसत. नेमबाज रायफल खोळीत घालून निघाले तेव्हा बायको चप्पल घालून दारात उभी होती. तू कशाला येतेस, तिथे तेलकट कळकट असतं, असं ते म्हणाले. सहज येते, असं ती म्हणाली. ती सहसा कुठेही सहज जात नसे, पण हे नेमबाजांच्या ध्यानात यायला अजून तासभर लागणार होता.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. खिडकीखाली जाड गालिचा अंथरलेलं टेबल, त्यावर शिकंजा, मान वळवता येणारा दिवा, पातळ पात्यांचे स्क्रूड्रायव्हर आकाराप्रमाणे मांडलेले. मागच्या दारातून एक निमुळती शेड दिसत होती आणि तिच्या टोकाला वाळूच्या पोत्यांचा ढिगारा होता. भिंगवालीने दोघांना स्टुलांवर बसवलं, चहा टाकला, नेमबाजांना साखर किती म्हणून विचारलं आणि त्यांच्या बायकोच्या हातात बिनसाखरेचा कप न विचारताच दिला. नेमबाजांनी घसा साफ केला. त्यांची हकीगत ओठांवर आली होती.

“नको,” भिंगवाली म्हणाली. “आधी हत्यार बोलेल. तुम्ही नंतर. गोष्ट आधी ऐकली की डोळा तेच बघायला लागतो.”

हा तिच्या दुकानाचा कायदाच होता. नेमबाजांना तोंडातला घास काढून घेतल्यासारखं वाटलं, पण ते बसून राहिले. आपल्या रायफलीला असं काय बोलता येणार आहे, असाही त्यांना विश्वास होता.

भिंगवालीने लिव्हर खाली ओढून रायफल रिकामी आहे याची खात्री केली, आत बोट घालून पुन्हा खात्री केली, आणि मग ती हळूच गालिच्यावर आडवी ठेवली. पहिली बातमी चांगली निघाली. नळीवरचा मूळचा निळसर काळा मुलामा बराच टिकून होता, फक्त जिथे हात धरायचा तिथे तो उडून खालचं पोलाद राखाडी दिसत होतं. कुणी मेहेरबानी करून नवा मुलामा चढवला नव्हता, घासूनपुसून चकचकीत केलं नव्हतं. स्क्रूंच्या खाचा कोऱ्या होत्या, म्हणजे उगाच कुणी खोलाखोल केलेली नव्हती. भागांवरचे आकडे एकमेकांशी जुळत होते. लिव्हर मऊ चालत होती आणि बंद होताना पक्की बसत होती. नेमबाजांनी एकेका वाक्याला मान डोलावली, जणू हे सगळे आपले स्वतःचेच गुण होते.

मग तिने रायफल उलटी करून दस्त्याचं लाकूड दिव्याखाली धरलं आणि बराच वेळ तशीच बसली. दस्त्याच्या एका बाजूचं पॉलिश जसंच्या तसं होतं. दुसऱ्या बाजूला, गाल टेकतो त्या ठिकाणी, ते घासून घासून गेलं होतं आणि लाकडाला घामाची चमक आली होती.

तिने सांगितलं ते इतकंच की, उजव्या खांद्याला लावणाऱ्याचा गाल डाव्या बाजूला टेकतो, आणि ही रायफल उजव्या बाजूला झिजली आहे. म्हणजे वापरणारा माणूस डावखुरा आहे.

नेमबाजांनी मान वळवली. शेजारी त्यांची बायको डाव्या हाताने कप तोंडाला लावत होती. चाळीस-एक वर्षं ते तिला डाव्या हाताने वाढू नकोस म्हणून सांगत आले होते आणि आज प्रथमच त्यांना तो हात एवढा मोठा दिसला.

“माझे काका,” ते घाईघाईने म्हणाले. “त्यांचीच ना ही. डावखुरे होते ते.”

बायकोने कपावरून त्यांच्याकडे पाहिलं. काकांना तिनेही पाहिलं होतं. काका उजव्या हाताने जेवायचे, लिहायचे आणि पुतण्याच्या कानाखालीही उजव्याच हाताने वाजवायचे.

असेल, असं भिंगवाली म्हणाली, आणि लगेच पुढे असंही म्हणाली की काकांची झीज इतकी ताजी दिसणार नाही. जुन्या झिजेत मळ बसून लाकूड काळं पडतं. इथे पॉलिशची कड अजून फिकट आहे, म्हणजे गाल अजूनही टेकतोय. नेमबाजांनी रुमाल काढून मानेवरून फिरवला. काकांना जाऊन जमाना लोटला होता, तेव्हा त्यांच्या गालाचा इथे उपयोग होण्यासारखा नव्हता.

तिने नळी साफ करायच्या गजाला पांढरी चिंधी लावली आणि नळीतून एकदा फिरवून काढली. चिंधी काळी आली. तिने ती नाकाशी नेली, बोटांत चुरडली, मग नेमबाजांच्या हातात दिली.

“ही दारू आठवडाभरातली आहे,” ती म्हणाली.

आता मात्र नेमबाज खरोखरच चक्रावले. खोटं पकडलं जाण्याची भीती त्यांना सवयीची होती, पण हे त्यांच्या खोट्याच्याही बाहेरचं होतं. आपण या रायफलीला कित्येक वर्षांत हात लावलेला नाही, ती कपाटात असते, किल्ली घरात असते, असं ते शपथेवर सांगू लागले, आणि त्यांच्या आयुष्यातलं रायफलीविषयीचं हे पहिलं खरं बोलणं असल्याने ते त्यांना नीट जमेना. बाई, तुमची चिंधीच मळकी असेल, इथवर त्यांची मजल गेली.

भिंगवाली रागावली नाही. तिने नळीच्या मागच्या तोंडाशी बारीक दिवा धरला, भिंग डोळ्यावर ओढलं आणि त्यांनाही वाकून बघायला लावलं. या जातीच्या काडतुसात ठिणगीचा मसाला बुडाच्या कडेला भरलेला असतो, मध्यभागी नाही. त्यामुळे पिन कडेवरच आदळते. काडतूस आत असलं तर ठीक. नसताना चाप ओढला, तर ती थेट नळीच्या ओठावर बसते आणि तिथे खड्डा पडतो. इथे पडला होता. कुणीतरी ही रायफल रिकामीच शेकडो वेळा उडवली होती.

हे कोण ते नेमबाजांना सांगावं लागलं नाही. पूर्वी पाहुणे आले की ते रायफल काढत, लिव्हर खाडकन ओढत आणि छपराकडे रोखून चाप दाबत. टक् असा आवाज यायचा आणि पाहुण्यांची पोरं टाळ्या पिटायची. पुढे बायकोने, लहान मुलांसमोर नको, म्हणून ते बंद करायला लावलं. एवढ्या वर्षांत या रायफलीवर त्यांनी स्वतःच्या कर्तबगारीने उमटवलेली खूण म्हणजे हा एक खड्डा.

“पण तो बुजवलाय,” ते डोळा बारीक करून म्हणाले. “हा बघा, घासून सारखा केलाय कुणीतरी.”

“केलाय ना. काडतूस अडकत होतं म्हणून केला,” भिंगवाली म्हणाली. “काम माझ्याच हातचं आहे. मी ओळखणार नाही?”

नेमबाजांनी भिंगवालीकडे पाहिलं, बिनसाखरेच्या चहाच्या रिकाम्या कपाकडे पाहिलं, आणि मग सावकाश बायकोकडे वळले. ती पदराचं टोक सारखं करत होती. चेहऱ्यावर अपराध्याची नव्हे, मुलांची लपाछपी पाहणाऱ्या मोठ्या माणसाची कळा होती.

“तू?”

“मी.”

“कधी?”

“तुम्ही क्लबात गोष्ट सांगायला जाता ना, तेव्हा.”

मग तिने सगळं सांगून टाकलं. घरामागे जुनी दगडाची खाण होती, तिथे कुणी फिरकत नसे. खाणीच्या मालकिणीला तिने विचारून ठेवलं होतं. परवान्यावर तिचं नाव नेमबाजांनीच कधीकाळी घालून घेतलं होतं, नूतनीकरणाच्या रांगेत आपल्याऐवजी तिला उभं करता यावं म्हणून. काडतुसं इथूनच येत. ते क्लबाकडे निघाले की ती खाणीकडे निघे, डबे मांडी, पाडी, परत मांडी, आणि ते घरी येईतो रायफल पुसून कपाटात आणि चहाचं आधण गॅसवर असे. मुलगी सासरी गेल्यापासून हे चाललं होतं. दिवसातला तेवढाच वेळ माझा असतो, असं ती म्हणाली, आणि हे मात्र तिने हसत सांगितलं नाही.

नेमबाजांना राग आला. कुठल्या तोंडाने आला ते त्यांनाच ठाऊक, पण आला. “मला कधी सांगितलं नाहीस,” ते म्हणाले.

“तुम्ही तरी कुठे कुणाला सांगितलंत?”

भिंगवालीला एकाएकी कोपऱ्यातल्या तेलाच्या बाटल्या पुसण्याची निकड वाटली. नेमबाज खाली बघत राहिले. रायफल काचेत जायची म्हणजे पिन निघायची, आणि पिन निघाली की बायकोची दुपारही निघाली, हे आत्ता त्यांच्या टाळक्यात शिरलं. बातमी ऐकून ती ताटावरून का उठली तेही शिरलं. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि ती कोंबड्याच्या खोट्याची नव्हती. शेजारी बसलेलं माणूस आपण इतकी वर्षं पाहिलंच नाही, याची होती.

मग नको म्हणायचंस, एवढंच ते पुटपुटले.

“पाटीवर तुमचं नाव येणार म्हणून तुम्ही किती खूश होता,” ती म्हणाली. “मी कसं नको म्हणू? पण मला ती हवी आहे.”

नेमबाज यावर काही बोलणार, तोच दारातून क्लबचे चिटणीस आत आले. हातात मोजायची टेप होती, कारण सुताराला पेटीचं माप हवं होतं. हे गृहस्थ कुठेही शिरले की आधी त्यांचं हसू शिरे. टेबलावरची रायफल पाहून त्यांनी हात जोडले, वहिनींना नमस्कार केला, नेमबाजांची पाठ थोपटली आणि झालं का हो परीक्षण, म्हणून भिंगवालीला विचारलं.

चाचणी तेवढी राहिली आहे, असं ती म्हणाली. झाडून बघितल्याशिवाय ती कुठल्याच बंदुकीला बरी म्हणत नसे. तिने शेडच्या टोकाला वाळूच्या पोत्यांसमोर पुठ्ठा टांगला. त्यावर बटणाएवढा काळा ठिपका होता.

“अरे वा,” चिटणीस म्हणाले. “मग झाडणार कोण ते विचारायलाच नको. नेमबाज, होऊन जाऊ द्या.”

नेमबाजांच्या हातात रायफल आली. डोकं अजून शाबूत होतं, आणि त्या डोक्याला सुटकेची वाट लगेच सापडली. वय झालं, मोतीबिंदू आलाय, हात कापतो, एवढं म्हटलं की काम झालं. चिटणीस हळहळतील, भिंगवालीच झाडेल, रायफल पेटीत जाईल, पितळी पाटी लागेल आणि हकीगत अजरामर होईल. बायकोकडून धोका नव्हता. ती आजही काही बोलणार नव्हती, हे त्यांना पक्कं माहीत होतं, आणि तेच त्यांना सोसेना.

त्यांनी रायफल बायकोपुढे धरली.

“हिला द्या,” ते चिटणिसांना म्हणाले, “म्हणजे मीच देतो. कोंबडा हिनं मारला होता. मी नाही.”

चिटणीस मनापासून हसले. काय तुमचा विनय, म्हणाले. वहिनींना मान द्यायची ही तऱ्हा आपल्याला फार आवडली, क्लबच्या अंकात लिहू, असंही म्हणाले. नेमबाजांनी पुन्हा सांगितलं, खिडकी सांगितली, तान्ही मुलगी सांगितली, शपथ घातली. चिटणीस आणखीच गहिवरले. खोटं ज्या माणसाने एका घोटात गिळलं होतं, त्याला खरं काही केल्या उतरेना, आणि नेमबाज रडकुंडीला आले.

मध्येच फट् असा कोरडा आवाज झाला. मग लिव्हरचा आवाज, मग पुन्हा फट्. दोघांनी वळून पाहिलं तेव्हा नेमबाजांची बायको शेडच्या तोंडाशी उभी होती, पदर खोचलेला, डावा गाल लाकडाला लावलेला. तिला यांच्या वादाशी काही कर्तव्य दिसत नव्हतं. शेवटची गोळी झाडून तिने लिव्हर उघडी ठेवली, आत बोट घालून रायफल रिकामी असल्याची खात्री केली आणि चाप थोडा जड लागतोय, असं भिंगवालीला सांगितलं.

भिंगवालीने पुठ्ठा आणून टेबलावर ठेवला. ठिपका नव्हता. त्याच्या जागी एकच भोक होतं, कडेला जरा फाटलेलं.

चिटणिसांच्या हातातली टेप आपोआप गुंडाळली जाऊन खटकन मिटली. त्यांनी पुठ्ठ्याकडे पाहिलं, वहिनींकडे पाहिलं, नेमबाजांकडे पाहिलं, आणि शेवटी, मग पेटीत आम्ही काय ठेवायचं, असं विचारलं. ते तुम्ही बघा, असं नेमबाज म्हणाले. रायफल मिळणार नाही, ती वापरात आहे.

घरी जाताना खोळ बायकोच्या खांद्याला होती. नेमबाजांनी ती मागून पाहिली होती, तिने दिली नव्हती. मग त्यांनी विचारलं, आज मी बोललो नसतो तर तू काय केलं असतंस.

“काय करणार? रायफल गेली असती, दुपार मोकळी झाली असती,” ती म्हणाली. “मग मीही क्लबात येऊन बसले असते. पुढच्या खुर्चीत. रोज तुमची गोष्ट ऐकायला.”

नेमबाजांच्या अंगावर सरसरून काटा आला. उरलेल्या वाटेत ते तिच्या बरोबरीने, जरा लगबगीने चालले.

क्लबात त्यांचे तोंड लपवण्याचे दिवस फार टिकले नाहीत. लोक आठवडाभर हसले, कुणी कुणी तोंडावर बोललेही, पण नेमबाज हे नाव काही त्यांना बदलता आलं नाही आणि हकीगत ऐकायची सवयही मोडली नाही. म्हणून ते आता खरी सांगतात. म्हणजे खिडकी, मुलगी, कोपर, एकच गोळी, सगळं खरं. फक्त स्वयंपाकघर आणि कोंबडा यांच्यातलं अंतर दर वेळी थोडं लांबतं आणि त्या दिवशीचा वारा आता वादळ होऊ घातला आहे. स्वतःविषयी त्यांनी इतक्या जोरात कधी फुशारकी मारली नव्हती.

नवे सभासद आग्रह करतात, वहिनींना एकदा घेऊन या, त्यांच्याच तोंडून ऐकू. नेमबाजांनी हा निरोप घरी पोहोचवला. तिने तो ऐकून घेतला, काडतुसांची डबी पिशवीत टाकली आणि चप्पल पायात सरकवली.

“मला नाही जमायचं,” ती म्हणाली. “त्या वेळेला मी कामात असते.”